गाळ

शेबॉयगनला, सरोवराचं धुकं थेट दारात येतं त्या गल्लीत,
ऑर्व्हिल हाफनरच्या तळघरात
चार बाटल्या, आणि चार उंच ग्लास
गार पाण्यात बुचकळून उलटे घातलेले.
कोरड्या काचेत ओतलीस तर फेस डोक्यावर बसतो, तो म्हणतो.
ओल्या हातांनी म्हणतो.

पहिली थेट बव्हेरियाहून.
लेबलावर दाढीवाला साधू, गालांवर लाली.
निघाली तेव्हा ताजी असणार;
मग बंदर, जहाज, आणखी एक बंदर,
कुणाच्या तरी गोदामातला उन्हाळा.
वास ओल्या पुठ्ठ्याचा.
ऑर्व्हिल वहीत लिहितो : दमली आहे.

दुसरी गाळून घेतलेली. निवळशंख.
तिच्यातून पलीकडचा झरोका दिसतो,
झरोक्यातून जाणाऱ्यांचे बूट दिसतात.
मी त्याला कुरडया सांगते :
गहू तीन दिवस भिजतो, आंबूस होतो, वाटतो आम्ही,
पिळून चीक काढतो, रात्रभर ठेवतो,
सकाळी वरची निवळी फेकतो आणि खालचा चीक शिजवतो.
यांनी निवळी ठेवली, ऑर्व्हिल.
चीक फेकला.
तो इतका हसतो की चष्मा काढून पुसावा लागतो.

तिसरी काळसर. तव्यावर जरा जास्त राहिलेली पोळी,
तिला गूळ लावलेला.
हिच्याबद्दल तक्रार नाही. हिच्याबद्दल फारसं काहीच नाही.

वरून वेटर पोरगी ओरडते, लिंबाची चकती हवीये एका टेबलाला.
ऑर्व्हिल छताकडे बघतो.
लिंबू कशाला? काय झाकायचंय?

माझे वडील दारूबंदी खात्यात होते.
वारणेकाठच्या ओढ्यांतून
वाळूत पुरलेली मडकी हुंगून काढायचे.
गूळ किती दिवसांचा, नवसागर घातलाय का,
हे काठी न लावता सांगायचे,
मग काठी लावायचे.
घरी आले की मोरीत बसून
लिंबाच्या फोडीने कोपरापर्यंत हात घासायचे.
थेंब कधी घेतला नाही.
पण एकदा, पंचनामा लिहिता लिहिता, म्हणाले होते,
हा माणूस चांगली काढायचा.
खात्याच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.

चौथी ऑर्व्हिलची स्वतःची.
ग्लास तिरका धरून ओततो, शेवटी सरळ.
दोन बोटं बाटलीत ठेवतो,
बाटली टेबलावर आडवी करून लाटण्यासारखी फिरवतो,
तळाचं सगळं जागं होतं,
आणि ते तो वरून सोडतो, सावकाश.
पिवळं गढूळ, आतून उजेड असल्यासारखं.
वर फेस, चमचा उभा राहील असा.

शिकरण, मी म्हणते.
म्हणजे?
दूध, साखर, कुस्करलेलं केळं. आणि कुणीतरी
चुकून, किंवा मुद्दाम, एक लवंग टाकलेली.
एकेचाळीस वर्षांत मी ना केळं टाकलं, ना लवंग, तो सांगतो.
निम्म्याहून जास्त गहू, थोडं जव, पाणी,
बाकी यीस्ट बघतं.
उबेत ठेवलं की केळ्याकडे जातं,
गारव्यात धरलं की लवंगेकडे.
मी फक्त खाली येऊन बघून जातो,
रात्री दोनदा. बायको होती तेव्हा एकदा.

मी परत नाक घालते.
गहू आहे, जिभेवर मऊ, साय धरल्यासारखा.
केळं आहे, राजेळी, काळे ठिपके पडलेलं.
गिळल्यावर पुन्हा प्यावंसं वाटतं, हेही आहे.
मग ते, जे मला सांगायचं नव्हतं.

लवंग कमी आहे, ऑर्व्हिल.

तो पेन्सिल उचलतो. लिहीत नाही.
वर खुर्च्या सरकतात.
यंदा तळघर जरा गरम होतं, तो म्हणतो,
ऑक्टोबरात यायच्या ऐवजी मी
हॉस्पिटलात होतो ना दहा दिवस.
मग लिहितो, स्वतःच्या बिअरच्या नावापुढे, मोठ्या अक्षरात,
आणि वही माझ्याकडे फिरवून
स्पेलिंग बरोबर आहे का विचारतो.

ग्लासात फेस अजून तसाच आहे.
वरची पोरगी विचारते, खाली कुणाला लिंबू हवंय?